मागच्या सीटवरून निवडलेली गाडी: नाशिकच्या एका कुटुंबाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०२५ च्या पावसाळ्यात सुरू झालं आणि दिवाळीनंतर मार्गी लागलं. कुटुंब इंदिरानगरचं, पाच जणांचं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि घरातल्यांचा उल्लेख मुलांच्या नात्याने केला आहे. वडील अंबडच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहेत, आई नाशिकरोडच्या शाळेत शिकवते. मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगला, मुलगा नववीत. आजी चौऱ्याहत्तर वर्षांच्या. त्यांच्या उजव्या गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया झाली आहे आणि डावाही फारसा साथ देत नाही. गाड्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे ओळखीतली मंडळी गाडी घेताना मला विचारतात. या घराबरोबर मी पहिल्या कोटेशनपासून होतो.

दारात २०१२ ची व्हेरिटो डिझेल. नाशिकमध्ये या गाडीबद्दल वेगळी आपुलकी आहे. महिंद्रा आणि रेनो यांनी २००७ मध्ये लोगान आणली ती नाशिकच्याच कारखान्यात बनवून. २०११ मध्ये तिचंच नाव व्हेरिटो झालं. दिसायला साधी, पण उंच छत, ताठ बसता येईल अशी मागची सीट आणि ५१० लिटरची डिकी. आजींची शस्त्रक्रिया झाली तेव्हा दवाखान्यातून घरी त्या याच गाडीच्या मागच्या सीटवर आल्या.

वापर वर्षाला साधारण १२ हजार किलोमीटर. रोज अंबडला जाऊन येणं, एका बाजूला सहा-सात किलोमीटर. महिन्यातून एकदा मुलीला भेटायला पुणे. दिंडोरी तालुक्यात गाव आहे, तिथे थोडी द्राक्षबाग, म्हणून महिन्यातून दोनदा तिकडे फेरी. कल्याणला मामाकडे जाताना कसारा घाट.

अडचण

व्हेरिटोचा क्लच आणि एसीचा कॉम्प्रेसर एकाच मोसमात गेला. गॅरेजवाल्याने खर्च सांगितला आणि त्याबरोबर हेही, की काही भाग आता शोधून आणावे लागतात. २०२७ मध्ये नोंदणीची पंधरा वर्षं भरणार, मग आरटीओची तपासणी आणि पर्यावरण कर. एवढा खर्च करून दोन वर्षं काढायची की आत्ताच बदलायची, हा प्रश्न घराने चटकन सोडवला. बदलायची.

अवघड भाग पुढे होता. वडिलांना इंजिनात दम हवा होता. आईला ऑटोमॅटिक हवी होती, कारण संध्याकाळी द्वारका चौक आणि इंदिरानगरचा बोगदा पार करताना डावा पाय भरून येतो. मुलाला सनरूफ. पुण्याहून मुलीचा एकच आग्रह होता, क्रॅश टेस्टचे तारे बघा. आजी म्हणाल्या, “मला चढता-उतरता आलं पाहिजे. बाकी तुमचं तुम्ही बघा.”

पहिले काही आठवडे आजींचं वाक्य कोणी फारसं मनावर घेतलं नाही. टेबलावर कागद होते ते अश्वशक्तीचे, टॉर्कचे (म्हणजे इंजिनाच्या ओढीचे) आणि स्क्रीनच्या इंचांचे. बजेट ऑन-रोड, म्हणजे कर, विमा, नोंदणी धरून, साडेसोळा लाखांचं ठरलं, त्यातले सहा लाख कर्जाने.

पर्याय

नातेवाइकांचं मत एकमुखी होतं: एसयूव्ही घ्या. नाशिकचे रस्ते सिंहस्थाच्या कामांसाठी जागोजागी खोदलेले, गावाकडचा रस्ता कच्चा, आणि उंच गाडीत वयस्कर माणसाला बरं पडतं. यातला शेवटचा मुद्दा सगळ्यांनी तपासल्याविना मान्य केला होता. म्हणून पहिली गोष्ट ही केली की आजींना दोन छोट्या एसयूव्हींपाशी नेऊन बसवून पाहिलं.

त्या बसू शकल्या, पण हँडलला लटकून. कारण मोजमापात आहे. गुडघा बदललेल्या माणसाला फिजिओथेरपिस्ट गाडीत बसायची एक पद्धत शिकवतात: पाठ सीटकडे करायची, आधी टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत घ्यायचे. ही पद्धत चालते ती सीट आपल्या मांडीच्या उंचीच्या जवळपास असेल तरच. आजींची उंची पाच फुटांच्या आत. एसयूव्हीची सीट त्यांच्या कमरेला लागत होती, त्यामुळे पाठमोरं टेकणं शक्यच नव्हतं. एक पाय वर ठेवून चढायचं म्हणजे सगळा भार न वाकणाऱ्या गुडघ्यावर. उतरताना पाय जमिनीला लागायच्या आधी अंग सोडावं लागत होतं. साडेपाच फुटांच्या आजोबांना हीच गाडी उत्तम ठरली असती. उंच गाडी वयस्करांना सोयीची असते, हे विधान माणसाच्या उंचीशिवाय अपुरं आहे.

सेडानमध्ये, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेल्या बसक्या गाडीत, उलटं. टेकणं सोपं, उठणं जड. पण उठताना बाहेरून हात देता येतो आणि पाय आधीच जमिनीवर असतात. मुलाला घाटात मळमळतं, तेव्हा कमी झुलणारी गाडी हा आणखी एक मुद्दा सेडानच्या बाजूने गेला. वडिलांनी त्या दिवशी एसयूव्हीचे कागद बाजूला ठेवले.

डिझेल लगेच बाद झालं. मध्यम आकाराच्या सेडानमध्ये आता डिझेल उरलेलंच नाही. होंडा सिटी आणि ह्युंदाई वेर्ना या दोन्हींचं डिझेल २०२३ पर्यंत बंद झालं. असतं तरी मी नको म्हटलं असतं. नव्या डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि तो स्वतःला जाळून साफ करतो ते गाडी काही वेळ सलग वेगात चालली तर. रोज सहा किलोमीटर, तेही सिग्नलांमधून, या वापरात तो तुंबत राहतो. विजेची गाडीही बाद, कारण सोसायटीत पार्किंगला चार्जिंगची परवानगी अजून मिळायची होती.

हायब्रिडचा, म्हणजे पेट्रोल इंजिनाला बॅटरी आणि मोटरची जोड असलेल्या गाडीचा, विचार मात्र गंभीरपणे झाला. होंडा सिटीचं हायब्रिड मॉडेल कागदावर लिटरला २७ किलोमीटरच्या आसपास देतं. हिशेब असा मांडला: नाशिकला पेट्रोल साधारण १०४ रुपये, वर्षाला १२ हजार किलोमीटर. साधी पेट्रोल ऑटोमॅटिक सरासरी १३ देईल असं धरलं तर वर्षाचं पेट्रोल ९६ हजारांचं. हायब्रिड प्रत्यक्षात २० देईल असं धरलं तर ६२ हजारांचं. वर्षाला ३४ हजार वाचतात आणि किमतीतला फरक पाच लाखांच्या घरात. वसूल व्हायला चौदा-पंधरा वर्षं. शिवाय बॅटरीमुळे डिकी ३०६ लिटर, साध्या सिटीला ती ५०६ आहे. द्राक्षांच्या हंगामात गावाहून निघताना क्रेट न आणणारं हे घर नाही.

मग चार मीटरच्या आतली सेडान. इथे कराने चित्र बदललं, त्याबद्दल पुढे.

पहिला निर्णय: थांबायचं की नाही

ऑगस्टमध्ये एका शोरूमने चांगली सूट देऊ केली होती आणि रोज फोन येत होता. तेवढ्यात १५ ऑगस्टच्या भाषणात पंतप्रधानांनी जीएसटी फेररचनेची घोषणा केली. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने दर ठरवले आणि २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेच्या दिवसापासून, ते लागू झाले.

चार मीटरहून लांब आणि दीड लिटरपर्यंतच्या इंजिनाच्या सेडानवर आधी २८ टक्के जीएसटी आणि १७ टक्के उपकर, मिळून ४५ टक्के होता. तो सरसकट ४० झाला. म्हणजे जुन्या दराने १४ लाखांना असलेली गाडी साधारण ४८ हजारांनी उतरते. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीवर १२ टक्के रोड टॅक्स आहे, तोही त्या प्रमाणात सुमारे ५,८०० रुपयांनी कमी होतो. चार मीटरच्या आतल्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना याहून मोठा लाभ मिळाला: २९ वरून १८ टक्के. नऊ लाखांची छोटी सेडान पाऊण लाखाहून जास्त स्वस्त.

थांबायचं ठरलं, पण एक गोष्ट ध्यानात ठेवून. कर उतरला की कंपनीची सूटही आटते. म्हणून तुलना करायची ती शेवटच्या ऑन-रोड आकड्याची. बुकिंगची रक्कम परत मिळणारी आहे आणि किंमत बिलाच्या तारखेची लागेल, या दोन गोष्टी आईने लेखी घेतल्या. विक्री प्रतिनिधीने तोंडी सांगून पुरे होईल म्हटलं, तरी तिने ईमेल मागितला. पूर्ण व्यवहारातला हा सर्वांत उपयोगी कागद ठरला, कारण पुढे बिलाच्या वेळी कोणालाच वाद घालावा लागला नाही.

चार मीटरचा मोह एवढा स्वस्त झाल्यावर मारुतीची डिझायर पाहणं भागच होतं. २०२४ मध्ये आलेल्या नव्या डिझायरला ग्लोबल एनकॅप या क्रॅश टेस्ट घेणाऱ्या संस्थेचे पाच तारे आहेत, सर्व्हिस सेंटर गल्लोगल्ली, आणि घरात चार-पाच लाख शिल्लक राहिले असते. एकट्या शहराच्या वापरासाठी मी तीच सुचवली असती. पण डिकी ३८२ लिटर, आणि पुण्याच्या प्रवासात आजींना पाय लांब करायला लागणारी जागा त्यात मिळेना. गुडघा फार वेळ एकाच कोनात राहिला की आखडतो. तिथे घराने जाणूनबुजून जास्त पैसे मोजायचं ठरवलं.

दुसरा निर्णय: टेस्ट ड्राइव्ह कोणी घ्यायची

नेहमी असं होतं: चालवणारा पुढे, शेजारी विक्री प्रतिनिधी, हायवेवर दहा मिनिटं, एकदा जोरात पिकअप, परत. या घराने गाडी आईला चालवायला दिली. मागे आजी आणि मुलगा, डिकीत दोन भरलेल्या बॅगा. वडील बाहेरून बघत. मार्गही आपला ठरवला: पाथर्डी फाटा, तिथून हायवेने विल्होळीपर्यंत, येताना इंदिरानगरचा बोगदा आणि शेवटी स्वतःच्या सोसायटीचं पार्किंग. पार्किंगचा मुद्दा कागदावर दिसत नाही. या गटातल्या सगळ्या गाड्या साडेचार मीटरहून लांब आहेत, व्हेरिटोपेक्षा एक वीतभर जास्त. त्यांच्या खांबापाशी एक रिव्हर्स जास्तीचा घ्यावा लागतो, हे घ्यायच्या आधी कळलं ते बरं झालं.

ह्युंदाई वेर्नाची डिकी ५२८ लिटर, गटात सर्वांत मोठी, आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २,६७० मिलिमीटर. आत गेल्यावर जागा भरपूर. मागे उतरत गेलेल्या छतामुळे आजींना शिरताना मान बरीच झुकवावी लागली आणि मानेचा पट्टा वापरणाऱ्या माणसाला ते दर वेळी करायचं होतं.

होंडा सिटीची मागची सीट सगळ्यांना आवडली. तिचा सीव्हीटी, म्हणजे टप्प्यांविना बदलणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स अतिशय मऊ, मुलाला बोगद्याच्या रांगेतही मळमळलं नाही. अडचण गावाची होती. सिटीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या तळापर्यंतचं अंतर, १६५ मिलिमीटर. गावाकडचं शेवटचं किलोमीटर मुरमाचं, मध्ये मोरीवर उंचवटा, आणि येताना गाडी भरलेली. गाव नसतं तर प्रकरण बहुधा तिथेच संपलं असतं.

स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस या दोघींचा सांगाडा एक, कारखाना एक, पुण्याजवळ चाकणला. क्लिअरन्स १७९ मिलिमीटर, डिकी ५२१ लिटर. २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपमध्ये या दोघींना आणि त्याच वर्षी वेर्नाला मोठ्यांच्या आणि मुलांच्या सुरक्षेचे पाच तारे मिळाले, त्यामुळे मुलीची अट पुरी होत होती. मागचं दार रुंद उघडतं. आजी पाठमोऱ्या टेकल्या, पाय आत घेतले आणि म्हणाल्या, “ही आपल्या जुन्या गाडीसारखी आहे.”

या वाक्यावर गाडी ठरली असं म्हणणं सोपं आहे, पण वडिलांनी आणखी एक चाचणी केली ती मला मोलाची वाटते. त्यांनी आजींना लगेच उतरवलं नाही. गाडी सावलीत लावून, एसी चालू ठेवून, अर्धा तास गप्पा मारत बसवलं आणि मग उतरायला सांगितलं. पाच मिनिटं बसून उठणं आणि आखडलेल्या गुडघ्याने उठणं यांत फरक असतो. हात धरून त्या उठल्या. सिटी आणि वेर्नामध्येही हीच चाचणी करून झाली होती.

स्लाव्हिया की व्हर्टस हा प्रश्न सर्व्हिस सेंटर कुठलं जवळ, एवढ्यावर सुटला. स्लाव्हिया.

तिसरा निर्णय: इंजिन, गिअर आणि सनरूफ

वडिलांना १५० पीएसचं (पीएस म्हणजे अश्वशक्तीचं एकक) दीड लिटर टर्बो हवं होतं, पण त्याची ऑटोमॅटिक बजेटच्या बाहेर. उरलं एक लिटरचं तीन सिलिंडर टर्बो, ११५ पीएस. एक लिटर या शब्दाने ते नाराज झाले. तेव्हा जुन्या गाडीचे आकडे काढले. व्हेरिटो डिझेलचा टॉर्क १६० न्यूटन मीटर, या छोट्या इंजिनाचा १७८. कसाऱ्याला जी गाडी तेरा वर्षं सामान घेऊन चढली तिच्याहून हे इंजिन कमकुवत नव्हतं. एक फायदा नंतर कळला: नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, आणि १,००० सीसीपर्यंत त्याचा दर तेव्हा ६,५२१ रुपये होता, त्यापुढे १,५०० सीसीपर्यंत १०,६४०. हे इंजिन ९९९ सीसीचं.

मॅन्युअल आणि ऑटोमॅटिकमध्ये लाखभराचा फरक होता. सनरूफचं वरचं मॉडेल घेतलं तर मॅन्युअलवर यावं लागत होतं. आई रोज चालवणार नव्हती म्हणून एका क्षणी मॅन्युअलकडे कल झुकला होता. तिने विचारलं, “आईंना रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली आणि तुम्ही सेकंड शिफ्टला असलात तर?” सहा गिअरांची ऑटोमॅटिक, मधलं मॉडेल, सनरूफ नाही. मुलगा थोडे दिवस नाराज होता.

कृती

ऑन-रोड कोटेशनमधून दोन गोष्टी काढल्या. हाताळणी शुल्क नावाची रक्कम कशाची, असं लेखी विचारल्यावर ती निघाली. विमा बाहेरून घेतला, त्याच कव्हरचा, तेवढ्याच विमा मूल्याचा. ग्राहकाला तो हक्क आहे. १० लाखांवरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ वसूल केलेला आयकर, लागतो, तो विवरणपत्रात परत मिळतो, म्हणून त्याला खर्च धरलं नाही.

आजींना दसऱ्याचीच गाडी हवी होती. २ ऑक्टोबरला शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि त्या गर्दीत गाडी नीट तपासता येत नाही. म्हणून तपासणी नोंदणीच्या आधीच, भर दुपारी उघड्यावर केली. टायरवरच्या चार आकड्यांवरून आठवडा आणि वर्ष पाहिलं, चेसिस क्रमांकावरून उत्पादनाचा महिना, दारांच्या फटी, स्टेपनी, सगळे बेल्ट. मग दसऱ्याला नुसती पूजा आणि किल्ली.

व्हेरिटो गॅरेजवाल्याच्या ओळखीने गेली, शोरूमच्या एक्स्चेंजपेक्षा चांगल्या किमतीला. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, आणि नव्या मालकाच्या नावावर नोंद चढेपर्यंत वडिलांनी त्याचा पाठपुरावा सोडला नाही. नाव चढलं नाही तर अपघाताची जबाबदारी जुन्या मालकावर येते.

परिणाम

शहरात ही गाडी ११ ते १२ देते, पुण्याच्या रस्त्यावर १६-१७. धरलेल्या सरासरीच्या आसपास आहे. कल्याणला जाताना इगतपुरीपासून पुढे समृद्धी महामार्गाने गेल्यास कसारा घाट टळतो. मुलाच्या पोटाला ते बरं, आणि १२० च्या मर्यादेत गाडी स्थिर वाटते. आजी आता पुढच्या सीटवर बसतात. सीट मागे सरकवली की पाय सरळ होतो, हे पुण्याच्या पहिल्याच फेरीत लक्षात आलं. म्हणजे ज्या मागच्या सीटसाठी एवढी पारख केली, तिथे आता आई बसते आणि तिलाही ती आवडली आहे. गावाकडची मोरी गाडी भरलेली असतानाही पार होते, मात्र सावकाश.

काय वेगळं करता आलं असतं

पुढच्या सीटची चाचणी आजींकडून घेतलीच नव्हती. घेतली असती तर वेर्ना मानेच्या मुद्द्यावर बाद झाली नसती आणि तुलना आणखी चुरशीची झाली असती.

टेस्ट ड्राइव्ह रविवारी सकाळी झाली. द्वारका चौकात संध्याकाळी सहाला गाडी इंचाइंचाने सरकते तेव्हा ॲक्सिलरेटर किती हलका ठेवावा लागतो, ते आईला गाडी घरी आल्यावर शिकावं लागलं. एक फेरी आठवड्यातल्या संध्याकाळी हवी होती.

आणि पाचवं माणूस. चाचणीच्या दिवशी मुलगी पुण्यात होती, म्हणून मागे तिघं कधी बसलेच नाहीत. या गाडीच्या मागच्या सीटवर दोघं ऐसपैस बसतात. मधल्याला मजल्यावरचा उंचवटा आणि दोन्ही बाजूंचे खांदे सांभाळावे लागतात. दिवाळीला मुलगी आली, सगळे गावाला गेले आणि मध्ये बसून तिचे पाय अवघडले. सिटी आणि वेर्नामध्ये तिघांना बसवून पाहिलं असतं तर निर्णय कदाचित बदलला नसता, कारण पाचजण एकत्र वर्षातून मोजकेच दिवस असतात, पण तो डोळे उघडे ठेवून झाला असता. तिला पुण्याला सोडायला गेले तेव्हा संगमनेरला चहाला थांबून भावाने मधली जागा घेतली. पुढच्या फेऱ्यांनाही तसंच करायचं ठरलं आहे.